दोन बोटं माया

मास्तरांना खोटं बोलता येत नाही, असं त्यांची बायको चारचौघांत सांगायची तेव्हा त्यात कौतुक कमी आणि तक्रार जास्त असायची. तिचंही बरोबर होतं. लग्नाचा कोट शिवायला आलेल्या नवरदेवाला "या रंगात तुम्ही आजारी दिसाल" असं तोंडावर सांगणारा शिंपी धंदा काय करणार? पण त्याच तोंडावर तीस वर्षं दुकान चाललं होतं. बाजारामागच्या गल्लीत, कुलपं दुरुस्त करणाऱ्याच्या शेजारी एक खोली, तिच्यात दोन मशिनं, एक लांब टेबल आणि कपडे बदलायला पडदा लावलेला कोपरा. दारावर साधी पाटीही नव्हती. मास्तर बरं म्हणाले तर घे, नको म्हणाले तर सोड, असं लोक एकमेकांना सांगायचे. बायकोचं आयुष्यात कधी न ऐकलेले पुरुष कापडाच्या बाबतीत मास्तरांचं मुकाट्याने ऐकायचे.

सगळ्यांत जास्त ऐकायची ती ताई, मास्तरांची थोरली बहीण. पुढच्या चौकात तिची लाँड्री होती. खाली गाळा, वर राहायची खोली, आणि दिवसभर वाफेच्या इस्त्रीचा फुसफुसाट. नवरा गेल्यापासून विजेच्या बिलापासून विम्यापर्यंत कुठलाही कागद आला की ती तो चार घड्या करून मास्तरांकडे आणायची. मास्तर चष्मा लावून वाचायचे, "कर सही" म्हणायचे, आणि ती त्यांच्याच टेबलावर, खडूच्या धुळीत, सही करून मोकळी व्हायची. स्वतः एक ओळ वाचायची नाही. तू वाचलंस म्हणजे मी वाचलं, असा तिचा हिशोब. मास्तरांना याचं फार बरं वाटायचं. कुणाचा आपल्यावर एवढा आंधळा विश्वास असणं ही धोक्याची गोष्ट आहे, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर ते हसले असते.

दुकान थंडावलं ते एका दिवसात नाही. आधी शर्ट गेले, मग पँटी गेल्या, शेवटी कोटही तयार मिळू लागले आणि मास्तरांकडे उरलं ते लोकांनी बाहेरून विकत आणलेल्या पँटींची उंची कमी करायचं काम. कोट बेतणारा हात आता दिवसभर पँटींचे पाय दुमडत होता. हाताला डोकं लागत नव्हतं, म्हणून डोकं फोनकडे वळलं. दोऱ्याच्या रिळाला टेकवून ठेवलेल्या त्या फोनमध्ये एका दुपारी सर आले.

त्यांना सगळे सरच म्हणत. छोट्या दुकानदारांना इंटरनेटवर जाहिरात कशी करायची ते शिकवतो, असं ते सांगत. घरबसल्या गिऱ्हाईक जगभरातून येईल, नव्वद दिवसांत आयुष्य बदलेल, फक्त जागा थोड्या आहेत आणि आज संध्याकाळी दार बंद होणार आहे. दार रोज संध्याकाळी बंद व्हायचं आणि रोज सकाळी उघडायचं. पण मास्तरांचं तिकडे लक्ष नव्हतं.

इथे मास्तरांची चूक झाली, आणि ती चूक शिंपीच करू जाणे. दुसरा कुणी असता तर सरांची गाडी बघून भुलला असता, नाहीतर पाठीमागचा मोठा बंगला बघून. मास्तरांनी बघितला खांदा. सरांच्या गडद निळ्या कोटाचा खांदा जिथे संपायला हवा तिथेच संपत होता. बाहीखालून शर्टाची कड बरोबर अर्धं बोट दिसत होती. बटण लावलेलं असूनही पोटावर एक सुरकुती नव्हती. असा बसलेला कोट मास्तरांनी उभ्या आयुष्यात तीन-चारदाच शिवला होता.

"एवढा कोट बसायचा तर माणसाला तीनदा फिटिंगला उभं राहावं लागतं," ते बायकोला म्हणाले. "ज्याला तेवढा धीर आहे तो फसवणारा नसतो. फसवणाऱ्याला घाई असते."

बायको म्हणाली, धीर शिंप्याने धरला असेल, त्यात त्याचं काय? मास्तरांनी प्रश्न ऐकला आणि मशीन चालू केलं.

त्याच आठवड्यात पुतणी आली. ही मास्तरांच्या धाकट्या भावाची मुलगी. दोन खोल्यांच्या एका ऑफिसात तिचं नेमकं हेच काम होतं. एक दातांचा दवाखाना, एक चपलांचं दुकान, असल्या लोकांची इंटरनेटवरची जाहिरात ती सांभाळायची. मास्तरांनी तिलाही विचारलं. तिने सांगितलं ते ऐकून त्यांची झोप उडायच्या ऐवजी त्यांना झोप यायला लागली. जुन्या कोटाचे दुरुस्तीआधीचे आणि नंतरचे फोटो उजेडात काढा. दुकानाची वेळ, पत्ता, दर नकाशावर नीट घाला. खूश झालेल्या गिऱ्हाइकाला दोन ओळी लिहायला सांगा. कुणी काही विचारलं तर त्याच दिवशी उत्तर द्या. सहा महिने हे करा, मग बघू.

मास्तरांनी विचारलं, आणि नाहीच चाललं तर? पुतणी म्हणाली, तर नाही चाललं, मग दुसरं काहीतरी करून बघायचं. हे काय उत्तर झालं! मास्तरांनी तिला सरांचा व्हिडिओ दाखवला. तिने तो अर्धा बघितला आणि विचारलं की हा माणूस शिकवण्याआधी कसली जाहिरात करत होता, कुठलं दुकान याने चालवून दाखवलं, आणि याच्याकडे शिकून ज्यांचं जमलं नाही ते लोक कुठे आहेत. मास्तरांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी कोटाचा खांदा दाखवला.

तेव्हा पुतणीने टेबलावरची अर्धवट पँट उचलली आणि शिवण उलटी करून पुढे धरली.

"काका, इथे ही माया कशाला सोडलीत?"

"दोन बोटं सोडावीच लागते. माणूस उद्या अंगाने सुटला तर उसवून वाढवता यायला हवी."

"मग या सरांच्या बोलण्यात माया कुठे आहे ते मला दाखवा."

मास्तरांनी क्षणभरही विचार केला नाही. "मायाच तर आहे तिथे. सगळ्यांना परिवार म्हणतात ते."

शिवणीत जास्तीचं कापड ठेवतात ती माया, आणि आई पोरावर करते तीही माया. जन्मभर पहिली माया सोडत आलेल्या माणसाने नेमक्या वेळी दुसरी धरली. तिसरीही एक असते, लोकांना लुबाडून जमवतात ती, आणि तिच्यावर सरांचा डोळा होता. पुतणीने आणखी थोडा वेळ समजावून बघितलं. पालथ्या घड्यावर पाणी. ती गेली आणि नव्या मशिनासाठी बाजूला ठेवलेले पैसे भरून मास्तर परिवारात दाखल झाले.

पहिला धडा स्वप्नं मोठी ठेवण्याचा होता. दुसऱ्या धड्यात सर अगदी हळू आवाजात बोलले. ज्याचा तुमच्यावर सगळ्यात जास्त जीव आहे, तोच तुम्हाला आधी अडवेल, म्हणाले. तो अडवेल त्या दिवशी ओळखा की तुम्ही बरोबर वाटेवर आहात. मास्तरांनी मशीन थांबवलं. पुतणी येऊन गेलेली या माणसाला कशी कळली? खरं तर असं सांगायला काहीच कळावं लागत नाही, अडवणारं एखादं माणूस प्रत्येकाच्याच घरात असतं. पण हा एक धडा असा होता की तो मनात शिरला की बाहेरून कुणी हाक मारायचा रस्ताच बंद. पुढच्या धड्यांत कापड नव्हतं, गिऱ्हाईक नव्हतं. परिवारात आणखी माणसं कशी आणायची, एवढंच होतं.

तिसऱ्या आठवड्यात मास्तरांना चित्रीकरणाला बोलावलं. एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर, खिडक्यांना काळं कापड लावलेली खोली. गोड आवाजाच्या एका बाईने त्यांना स्टुलावर बसवलं, कागदावर सही घेतली आणि बोलायचं वाक्य सांगितलं. मास्तर अडले. म्हणाले, अजून माझ्याकडे एकही नवं गिऱ्हाईक आलेलं नाही. बाई जराही रागावल्या नाहीत.

"मास्तर, कोट शिवायच्या आधीच तुम्ही गिऱ्हाइकाला तारीख देता ना? ते खोटं असतं का?"

मास्तरांनी तीस वर्षांत एकही तारीख चुकवली नव्हती. ते म्हणाले, नाही, ते खोटं नसतं. मग हेही तसंच, बाई म्हणाल्या, आधी शब्द द्यायचा, मग तो पाळायचा. कॅमेऱ्याच्या काचेत बघा आणि तुमच्या सगळ्यात जवळच्या माणसाशी बोलताय असं समजा. मास्तरांच्या डोळ्यांपुढे ताई आली. काचेकडे बघून ते म्हणाले, "मी शिंपी आहे. मला खोटं बोलता येत नाही. नव्वद दिवसांत माझं आयुष्य बदललं." पहिली दोन वाक्यं त्यांची स्वतःची होती. तिसरं त्यांच्यावर बेमालूम बसलं. एकदाच घ्यावं लागलं, असं म्हणून बाईंनी टाळी वाजवली.

महिन्याभराने परिवाराचा मेळावा भरला, एका हॉटेलच्या तळघरातल्या हॉलमध्ये. चारशे खुर्च्या, वर गार हवा सोडणारी यंत्रं, आणि दारं आतून लावलेली. सर मंचावर आले तेव्हा लोक उभे राहिले. मास्तरही उभे राहिले, पण त्यांना ओढ वेगळीच होती. कोटाची खरी परीक्षा पाठीवर होते. समोरून कुणीही उजवा दिसतो. मानेखाली, पाठीच्या मधल्या शिवणीवर शिंप्याची लाज असते. ती पाठ जवळून बघायची म्हणून मध्यंतरात मास्तर मंचाच्या कडेच्या पायऱ्या चढले आणि पडद्याच्या बाजूने सरांच्या मागे जाऊन उभे राहिले.

पाठीवर चार चिमटे होते. स्टीलचे, मोठे, कागदाच्या गठ्ठ्याला लावतात तसले. सरांपेक्षा दोन मापं मोठा असलेला तयार कोट मागे चुण्या करून चिमट्यांनी आवळला होता. समोरून न दिसणारं सगळं कापड पाठीवर गोळा झालं होतं. आतून अस्तर लोंबत होतं. हा कोट कुणासाठी शिवलेलाच नव्हता, हा माणूस फिटिंगला कधी उभाच राहिला नव्हता. मास्तरांना पुतणीचा प्रश्न आत्ता कळला. चालेल किंवा नाही चालणार, ही तिच्या बोलण्यातली माया होती. उद्या चुकलं तर उसवून वाढवायला तिने जागा ठेवली होती, आणि नेमक्या त्याच जागेला मास्तर कंटाळले होते.

सरांना मागे कुणीतरी असल्याचं जाणवलं. ते वळले. मास्तरांची नजर कुठे होती ते त्यांनी बघितलं आणि ते हसले. ना दचकले, ना ओशाळले.

"मास्तर," ते हळूच म्हणाले, "समोरून कसा दिसतो?"

"समोरून चांगला दिसतो," मास्तर म्हणाले. ते खरंच होतं.

"मग झालं तर." सर पडद्याबाहेर गेले आणि चारशे लोकांच्या टाळ्यांचा आवाज आत आला.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी गोड आवाजाच्या बाईंना फोन करून व्हिडिओ काढून टाकायला सांगितलं. बाई म्हणाल्या, तो आता परिवाराचा आहे, तुम्ही तशी सही केली आहे. बहिणीचा प्रत्येक कागद वाचून देणाऱ्या माणसाने स्वतःचा कागद वाचला नव्हता. पुतणी धावून आली. काकांना एका शब्दाने बोलली नाही, तेच मास्तरांना जास्त लागलं. तिने तक्रारी केल्या, पोलिसांत अर्ज दिला, त्याची पोच घेतली. व्हिडिओ एका ठिकाणाहून निघाला आणि दोन नव्या ठिकाणी दिसायला लागला. फोटोंची, पत्त्याची, दरांची ती कंटाळवाणी कामंही तिने जाता जाता उरकून टाकली आणि पंधरा दिवसांत एक म्हातारा गृहस्थ जुना कोट घेऊन दुकान शोधत आला. तीन महिन्यांतलं मास्तरांचं पहिलं नवं गिऱ्हाईक. त्याचं माप घेता घेता मास्तरांनी टेप खाली ठेवली, कारण टेबलावर फोन वाजत होता.

फोन व्हिडिओ बघितलेल्या अनोळखी लोकांचे असत. कुणी केस कापणारा, कुणी भांडी विकणारी, कुणी नोकरी सुटलेला. सगळ्यांचा एकच प्रश्न, तुम्ही म्हणता ते खरं आहे का? मास्तर प्रत्येकाला सांगायचे, खोटं आहे, पैसे भरू नका. काहीजण आभार मानायचे. एकाने विचारलं की तोंड उघडायचे तुम्हाला किती मिळाले होते. पण मास्तर घाबरायचे ते वेगळ्याच लोकांना. ते लोक सगळं शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, आम्हाला सांगितलं होतं की यश पचलं नाही म्हणून काही जुने लोक उलटतात, तुम्ही त्यातलेच दिसता. आणि फोन ठेवायचे. मास्तर दिवसभर आपल्याच तोंडाच्या मागे धावत होते, आणि ते तोंड त्यांच्याआधी पोहोचत होतं.

सगळ्या जगाला सांगितलं, ताईला सांगायचं राहिलं. राहिलं म्हणजे मास्तरांनी राहू दिलं. आपल्या वाचण्यावर डोळे मिटून सही करणाऱ्या बहिणीला, मी न वाचता सही केली, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? ती कुठे फोन बघत बसते, असं ते मनाला समजावत. बायको रोज सकाळी आठवण करून द्यायची आणि ते रोज उद्या म्हणायचे. मांजर डोळे मिटून दूध पितं, पण मास्तरांना त्या दुधाची चवही लागत नव्हती. असे अकरा दिवस गेले.

बाराव्या दिवशी भर दुपारी ताई दुकानात आली. हातात घडी केलेला कागद नव्हता. चेहरा उजळलेला होता, नवरा गेल्यानंतर मास्तरांनी तो तसा पाहिला नव्हता. ती पडद्याजवळच्या आरशासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, माझ्यासाठी एक कोट शिव, गडद निळा, शनिवारी माझं चित्रीकरण आहे. तुझा व्हिडिओ मी रोज इस्त्री करताना लावते, म्हणाली. पहिल्यांदा बघितला तेव्हा रडूच आलं. मला आधी का नाही सांगितलंस, असं लटक्या रागाने विचारून ती टेप घ्यायला खुणावत हात पसरून उभी राहिली.

मास्तरांनी टेप घेतली. तिच्या पाठीमागे उभं राहून ती दोन खांद्यांवर धरली. या खांद्यांनी त्यांना लहानपणी शाळेत पोहोचवलं होतं, आता हाडं बोटांना लागत होती. त्यांनी टेपच्या आकड्यांकडे बघत सगळं सांगितलं. चिमटे सांगितले, सही सांगितली, न आलेली गिऱ्हाइकं सांगितली. ते सगळं खोटं आहे, ताई, तू यात पडू नकोस, म्हणाले.

ताई ढळली नाही. तिला नवल वाटल्याचंही दिसलं नाही.

"सर म्हणालेच होते," ती म्हणाली, "जो सगळ्यात जवळचा तोच अडवेल म्हणून. मला वाटलं होतं, माझ्या बाबतीत ते चुकणार. माझं जवळचं माणूस तर तिथेच आहे, परिवारात."

"तू कशावर सही तर नाही ना केलीस?"

"गाळा विकून परिवारात पैसे भरले, किल्लीही सकाळीच दिली. वरच्या खोलीसकट. आधी तुझ्याकडे आले असते तर तू अडवलं असतंस, म्हणून परस्परच केलं सगळं." मग ती धाकट्या भावाशी बोलावं तसं बोलली. "वर बघून बोल माझ्याशी."

मास्तरांनी प्रयत्न केला. आरशात तिचा चेहरा समोरच होता, पण लाजेने मान उचलत नव्हती.

"बघ. तिथे तू माझ्या डोळ्यांत बघून सांगतोस, आणि इथे मान खाली घालून. मग मी कुणाचं मानू?"

"माझं मान, ताई," मास्तर म्हणाले.

"तुझंच मानलंय," ताई म्हणाली, आणि माप नीट यावं म्हणून तिने पाठ ताठ केली.